फकिराला चिकटलेलं ‘अर्धनग्न’

चर्चिलने गांधींना ‘अर्धनग्न फकीर’ म्हटलं हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. मीही ते कितीदा तरी लिहिलंय, भाषांतरात वापरलंय, एकदा तर मथळ्यात दिलंय. काही वर्षांपूर्वी एका लेखासाठी मूळ वाक्य तपासायला गेलो, तेव्हा लक्षात आलं की हे दोन शब्द त्या वाक्यात आहेत खरे, पण शेजारी शेजारी नाहीत. त्यांची जोडी नंतर लावली गेली. ती कोणी आणि कशी लावली याचा माग काढताना मी इंग्रजी व्याकरणाच्या एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या कोपऱ्यात जाऊन पोचलो: माणसाचं वर्णन करणारे शब्द त्याच्या नावाच्या आधी ठेवायचे की नंतर, त्यांच्याआधी ‘अ’ लावायचा की ‘द’, की काहीच नाही, आणि स्वल्पविराम कुठे द्यायचा.

आधी ते वाक्य. तारीख 23 फेब्रुवारी 1931. हिंदुस्थानच्या प्रश्नावर पक्षनेतृत्वाशी फारकत घेऊन चर्चिल जानेवारीअखेर पक्षाच्या आघाडीच्या नेतेमंडळातून बाहेर पडले होते. एपिंगमध्ये ते आपल्या मतदारसंघातल्या कॉन्झर्वेटिव्ह कार्यकर्त्यांपुढे बोलत होते. गांधी 26 जानेवारीला येरवड्याहून सुटले होते आणि 17 फेब्रुवारीपासून नव्या दिल्लीत लॉर्ड आयर्विन यांच्याशी त्यांच्या भेटी सुरू झाल्या होत्या. ही नवी दिल्लीही त्याच महिन्यात समारंभपूर्वक खुली झालेली, म्हणजे पायऱ्या अगदी नव्या कोऱ्या. चर्चिल यांच्या बोलण्याचा आशय असा: मिडल टेंपलचा एक राजद्रोही वकील असलेले, आणि आता पूर्वेकडे सगळ्यांना परिचित असलेल्या जातीच्या फकिराचं सोंग घेतलेले मिस्टर गांधी व्हाइसरॉयच्या प्रासादाच्या पायऱ्या अर्धनग्न अवस्थेत चढून जातात आणि सम्राटाच्या प्रतिनिधीशी बरोबरीने वाटाघाटी करतात, हे दृश्य धोक्याचं आहे आणि मळमळ आणणारं आहे.

मराठीत हे वाक्य सांगताना माझी झालेली ओढाताण वाचकाला दिसली असेलच. इंग्रजीत ती होत नाही. तिथे आधी ‘मिस्टर गांधी’ येतं, मग स्वल्पविराम, मग ‘अ सेडिशस मिडल टेंपल लॉयर’. नाव आधी, वर्णन नंतर, आणि वर्णनाच्या तोंडाशी ‘अ’. या एका अक्षराचं काम मोठं आहे. ‘अ’ म्हणजे अशांपैकी एक. लंडनच्या वकिली संस्थांमधून वसाहतींतली किती तरी पोरं वकील होऊन जातात, त्यातलाच हा एक. ‘फकीर’ लाही तोच ‘अ’ आहे, आणि ‘परिचित जातीचा’ असं म्हणून तो आणखी पक्का केला आहे. म्हणजे या वाक्याचं खरं हत्यार ‘अर्धनग्न’ हे विशेषण नव्हेच. हिंदुस्थानातल्या सर्वात मोठ्या पुढाऱ्याला दोनदा ‘त्यातलाच एक’ म्हणणं, हे आहे. ‘अर्धनग्न’ तर गांधींचं विशेषणसुद्धा नाही, ते चढण्याच्या क्रियेला लागलंय. पायऱ्या चढतानाची ती स्थिती आहे, स्वभाव किंवा ओळख नाही.

गंमत म्हणजे वर्णनातला तपशीलही चुकीचा आहे. गांधी मिडल टेंपलचे नव्हते, इनर टेंपलचे होते. 10 जून 1891 रोजी तिथे ते बॅरिस्टर झाले. शिवाय 1922 मध्ये अहमदाबादच्या खटल्यात राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर त्याच संस्थेने त्यांचं नाव पटावरून काढून टाकलं होतं, ते परत घातलं 1988 साली. म्हणजे 1931 मध्ये ते मिडल टेंपलचे नव्हते आणि वकीलही नव्हते. त्या वर्णनातला ‘राजद्रोही’ हा एकच शब्द कायद्याच्या कसोटीवर बरोबर होता, कारण कलम 124 अ खालचा तो गुन्हा गांधींनी स्वतः कोर्टात कबूल केला होता.

या वाक्याचं दुसरंही एक रूप पुस्तकांतून फिरतं. त्यात गांधी ‘एके काळचा इनर टेंपलचा वकील, आता राजद्रोही फकीर’ असे येतात. कोणीतरी संस्थेची चूक दुरुस्त केलेली दिसते, पण त्याच वेळी ‘राजद्रोही’ हा शब्द वकिलाकडून काढून फकिराला दिलेला आहे. वर्णनाचे शब्द असे एका नामावरून दुसऱ्या नामावर सरकतात. ‘अर्धनग्न’ मात्र या रूपातही अजून पायऱ्यांवरच आहे. पण त्याच वर्षी रॉबर्ट बर्नेज या इंग्रज पत्रकाराचं हिंदुस्थानातल्या अनुभवांवरचं पुस्तक निघालं, त्याचं नाव ‘नेकेड फकीर’. उपपद गेलं, ‘अर्ध’ही गेलं, उरली दोन शब्दांची पदवी. मूळ भाषणापासून वर्षही झालं नव्हतं.

हे इतक्या झटपट का झालं असावं? मला वाटतं, इंग्रजी वाचकाच्या कानाला तोवर एक नवं वळण लागत होतं.

इंग्रजीत नावाच्या आधी उपपदाशिवाय काही लावायचं तर ते खरं बिरूद असावं लागतं. प्रेसिडेंट, प्रोफेसर, कॅप्टन, जज. बाकी व्यवसाय, गुण, नाती यांना जुनी शिस्त अशी की एक तर ‘द नॉव्हेलिस्ट’ म्हणून मग नाव घ्या, नाहीतर नाव घेऊन स्वल्पविरामानंतर ‘अ नॉव्हेलिस्ट’ म्हणा. यातही फरक आहे. ‘द’ म्हणजे मराठीतलं ‘ते’. ते कादंबरीकार, ज्यांचं नाव तुमच्या कानावर असायला हवं. ‘अ’ म्हणजे ‘एक’ किंवा ‘कोणी एक’. माणूस किती प्रसिद्ध आहे याचा निवाडा लिहिणाऱ्याला त्या एका अक्षरात करावा लागतो, आणि तो चुकला तर हसं होतं. गल्लीतल्या नळदुरुस्तीवाल्याला ‘द’ लावून पाहा.

स्वल्पविरामाचंही तसंच. ‘माय ब्रदर रमेश’ असं सलग लिहिलं तर मला आणखीही भाऊ आहेत आणि त्यांपैकी मी रमेशबद्दल बोलतोय. ‘माय ब्रदर’ नंतर स्वल्पविराम देऊन ‘रमेश’ लिहिलं तर भाऊ एकच, नाव केवळ माहितीसाठी. या हिशेबाने ‘माय वाइफ’ नंतर स्वल्पविराम न देणारा नवरा किती बायका सुचवतोय, यावर इंग्रजीचे मास्तर पिढ्यान्‌पिढ्या विनोद करत आले आहेत. नियम प्रत्यक्षात इतका कडक पाळला जात नाही. आपल्याकडच्या इंग्रजी मजकुरात मात्र एक चूक हमखास सापडते. ‘नोटेड पोएट’ लिहायचं, मग स्वल्पविराम, मग नाव, मग पुन्हा स्वल्पविराम. उपपद टाकलं तर स्वल्पविराम नको, आणि स्वल्पविराम हवा असेल तर उपपद हवं. दोन्हीकडून अर्धं अर्धं घेतलेलं हे कलम आहे.

तर, 3 मार्च 1923 रोजी न्यूयॉर्कमधून ‘टाइम’ साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. ब्रिटन हॅडन आणि हेन्री लूस, दोघेही येल विद्यापीठातून बाहेर पडलेले, पंचविशीच्या आसपासचे. त्यांना आठवड्याच्या बातम्या कमी शब्दांत, पण नाव लक्षात राहील अशा रीतीने सांगायच्या होत्या. हॅडनला होमरचं वेड होतं. ‘इलियड’ मध्ये प्रत्येक वीराच्या आणि देवाच्या नावाला एखादं ठरावीक विशेषण चिकटलेलं असतं. तशा जोडविशेषणांची त्याने टिपणं केली होती आणि तोच प्रकार त्याने राजकारणी, उद्योगपती आणि नटांवर केला. माणसाच्या आधी त्याच्या भुवया, दात, पोट, डोळे येऊ लागले. ‘द’ आणि ‘अ’ उडाले. ऑथर अमुक, एडिटर तमुक अशी मोठ्या अक्षरातली बिरुदं वाटली जाऊ लागली. सिनेमातल्या नटासाठी दोन शब्द एकत्र ठोकून ‘सिनेमॅक्टर’ असं एक बिरूदच त्यांनी बनवलं. (आपल्या ‘पंडित’ चा इंग्रजीतला ‘पंडिट’ घरोघरी पोचवण्यात याच साप्ताहिकाचा मोठा वाटा आहे. आज टीव्हीवर बसून निवडणुकीची भाकितं करणारे ते पंडिट.) हॅडन 1929 मध्ये एकतिसाव्या वर्षी वारला. त्याची ढब मात्र मागे राहिली आणि इतकी पसरली की 1936 च्या नोव्हेंबरात ‘न्यूयॉर्कर’ मध्ये वुलकॉट गिब्जने लूसचं एक व्यक्तिचित्र सबंधच्या सबंध त्याच ढबीत लिहून तिची यथेच्छ टर उडवली. तरी ती गेली नाही. व्याकरणाची पुस्तकं तिला ‘फॉल्स टायटल’, म्हणजे खोटं बिरूद म्हणतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ सारखी काही वृत्तपत्रं ते टाळून तिथे ‘द’ घालतात, पण बाकीच्या बहुतेकांनी कधीच हात टेकलेत. जागा वाचते, हे एक कारण आहे. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या रचनेत ‘अ’ की ‘द’ हा निर्णयच घ्यावा लागत नाही. माणूस प्रसिद्ध की सामान्य, हे वर्णन माझं की सर्वमान्य, ते आजचं की कायमचं, कशाचीच जबाबदारी लिहिणाऱ्यावर राहत नाही. लेबल लावून मोकळं व्हायचं.

चर्चिल यांच्या भाषणाच्या सात आठवडे आधी, जानेवारी 1931 च्या पहिल्याच अंकात, याच ‘टाइम’ ने गांधींना 1930 चा ‘मॅन ऑफ द इयर’ ठरवलं होतं. लेख गौरवाचा आहे. वर्ष संपताना हा माणूस तुरुंगात, म्हणजे आपल्या येरवड्यात, आहे आणि तरी वर्षावर सर्वात मोठी छाप त्याचीच, असा त्याचा सूर. पण तिथेही गांधींचं वर्णन लहानखुरा, अर्धनग्न, तपकिरी माणूस असंच येतं. म्हणजे ‘अर्धनग्न’ हे विशेषण गांधींना आधीच, आणि कौतुकाच्या लेखात, लागलेलं होतं. चर्चिल यांनी ते पायऱ्यांवर ठेवलं आणि लोकांनी उचलून पुन्हा माणसाला चिकटवलं.

असाच प्रकार आपल्याकडे त्याआधी एकदा होऊन गेला होता. ‘भारतीय असंतोषाचे जनक’ ही टिळकांची पदवी लंडनच्या ‘टाइम्स’ च्या व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या 1910 सालच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकातून आली, हे सर्वश्रुत आहे. मूळ वाक्य ‘जर’ ने सुरू होतं हे तितकंसं सर्वश्रुत नाही. हिंदी असंतोषाचा खराखुरा जनक म्हणवून घेण्याचा हक्क जर कोणाला असेल तर तो टिळकांना, अशा अर्थाचं ते आहे. म्हणजे पदवी नाही, अट घालून केलेलं विधान आहे, आणि तेही आरोपाच्या सुरात. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. सुटल्यावर त्यांनी चिरोल यांच्यावर लंडनला अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्याचा रोख होता तो रँड आणि जॅक्सन यांच्या खुनांशी जोडलेला संबंध, ताईमहाराज प्रकरण, अशा गोष्टींवर. 1919 च्या सुरुवातीला न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे खटला चालला. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन उभे होते, समोर सर एडवर्ड कार्सन. टिळक हरले आणि खर्चाचा मोठा बोजा अंगावर आला. पण तोवर मराठी माणसाने त्या वाक्यातलं ‘जर’ गाळून टाकलं होतं. उरलेलं नावाला जोडलं, ‘जनक’ चं आदरार्थी अनेकवचन केलं, आणि प्रतिवादी पक्षाचा शब्द पुतळ्याच्या चौथऱ्यावर गेला. कोर्टात जे मिळालं नाही ते व्याकरणाने मिळवून दिलं म्हणायचं.

हे मराठीत इतक्या सहज घडतं याचं कारण आपल्या भाषेत आहे. इंग्रजीत खरं बिरूद ओळखायची एक सोपी परीक्षा आहे: त्या शब्दाने माणसाला हाक मारता येते का? ‘गुड मॉर्निंग, प्रोफेसर’ चालतं, ‘गुड मॉर्निंग, नॉव्हेलिस्ट’ चालत नाही. मराठीत ही परीक्षा लागूच पडत नाही. आपण वकीलसाहेब म्हणतो, मास्तर, इंजिनीयरसाहेब, पाटील, गुरव, तलाठीभाऊसाहेब, कंडक्टर, सगळ्यांना व्यवसायाने हाक मारतो. त्यामुळे नावाआधी काहीही आलं की आपल्याला ते बिरूद वाटतं आणि खटकत नाही. ‘ज्येष्ठ समीक्षक’, ‘सुप्रसिद्ध उद्योजक’, ‘युवा नेते’ ही पिठाची गिरणी त्यावरच चालते. ‘कोणी एक’ म्हणायची सोय आपल्याकडे नाही असं नाही, पण ती पोलिसांकडे आणि कोर्टाकडे राहिली आहे: ‘इसम नामे’ अमुक, ‘वलद’ तमुक, वय अंदाजे इतकं, धंदा शेती. हा ‘इसम नामे’ म्हणजे शुद्ध ‘अ’. चर्चिल यांचं वाक्य मराठीत नीट आणायचं तर फौजदाराच्या मराठीतच आणावं लागेल.

हे सगळं कळायच्या बरंच आधी याची किंमत एकाने माझ्यामुळे मोजली होती. मी एका दैनिकात इंग्रजी बातम्यांचं मराठी करत असे. एका जुन्या अपहार प्रकरणाचा निकाल लागला. इंग्रजीत सरळ होतं: नाव, स्वल्पविराम, ज्यांच्यावर अमुक संस्थेतल्या अपहाराचा आरोप होता, स्वल्पविराम, हे सुटले. मी केलं: ‘अपहार प्रकरणातील आरोपी’ अमुक यांची निर्दोष मुक्तता. छोटं आणि सुटसुटीत. मला त्या वेळी त्यात काहीही वावगं दिसलं नाही, आणि मुद्रितशोधकालाही.

चार दिवसांनी ते गृहस्थ कार्यालयात आले. साठीच्या पुढचे, हातात कापडी पिशवी. पिशवीतून कात्रण काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. भांडायला आले नव्हते. म्हणाले, “साहेब, निर्दोष छापलंत, उपकार झाले. पण आरोपी अजून पुढे आहेच की.” नऊ वर्षं कोर्टात घालवून ज्या शब्दातून ते सुटले होते, तोच मी त्यांच्या नावाआधी ठेवला होता, आणि निकालाच्या बातमीत ठेवला होता. इंग्रजीतला ‘होता’ हा भूतकाळ माझ्या सुटसुटीतपणात गेला होता. खुलासा छापू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नको, खुलासा छापलात की परत एकदा येईल. चहा न घेताच ते गेले. त्यानंतर मी ‘आरोपी’ हा शब्द नावाआधी घालताना नेहमी थांबतो. ‘ज्यांच्यावर आरोप होता ते’ लिहितो. ओळ वाढते, पानावरचा माणूस कुरकुरतो.

आता शेवटी पुन्हा फकीर. 1944 च्या मे महिन्यात गांधी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून सुटले. कस्तुरबा आणि महादेवभाई तिथेच गेले होते. आजारपणातून सावरायला ते जुलैत पाचगणीला राहिले आणि तिथून 17 जुलैला त्यांनी चर्चिल यांना चार ओळींचं पत्र लिहिलं. चर्चिल तेव्हा पंतप्रधान. पत्राचा आशय असा की साध्या ‘नेकेड फकिरा’ ला चिरडून टाकायची तुमची इच्छा असल्याचं कानावर आलं आहे, मला तुम्ही तसं म्हटल्याचं सांगतात. ‘म्हटलंत’ असं नाही, ‘म्हटल्याचं सांगतात’. शब्द दुसऱ्यांकडून आलाय याची नोंद गांधींनी ठेवली. तेरा वर्षं सगळं जग ज्याबाबत बेफिकीर होतं, तिथे ज्याला तो शब्द लागला त्याने काळजी घेतली. वकील पटावरून गेला होता तरी सवय गेली नव्हती बहुधा.

पुढे ते लिहितात की फकीर व्हायचा प्रयत्न मी बराच काळ करतो आहे, आणि तोही नग्न, जे त्याहून अवघड आहे. तेव्हा तुमचा हेतू नसला तरी हा शब्द मी गौरव समजतो, आणि त्याच नात्याने तुमच्याकडे येतो आहे: तुमच्या आणि माझ्या लोकांसाठी माझ्यावर विश्वास ठेवा, माझा उपयोग करून घ्या. दोन शब्दांची जोडी त्यांनी इथे पुन्हा सोडवली आहे. फकीर होणं वेगळं, नग्न होणं वेगळं, आणि दोन्ही अजून साधायचं आहे.

खाली सहीच्या वर त्यांनी स्वतःचं वर्णन केलं आहे, इंग्रजी पत्राच्या रिवाजाप्रमाणे नावाच्या आधी आणि मध्ये स्वल्पविराम देऊन: तुमचा सच्चा मित्र, मो. क. गांधी.